भरतीच्या हद्दीतले वनखाते

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले स्विस जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मुंबई इलाख्यातल्या तिवरांच्या वनांवर, म्हणजेच कांदळवनांवर, एक लेख लिहिला. ज्या चिखलाकडे शहर भराव टाकण्याची जागा म्हणून पाहत होते, त्या चिखलातली झाडे खाऱ्या पाण्यात जगतात कशी, हा त्यांचा विषय होता. पुढे १९५१ मध्ये बी. एस. नवलकर यांनी त्याच जर्नलमध्ये मुंबई आणि साष्टी बेटांवरच्या कांदळवनांचा क्रम मांडला. नव्या गाळावर आधी कोण रुजते, मागाहून कोण येते आणि जमीन वर उचलली गेली की कोण माघार घेते, असा हा अभ्यास होता. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कांदळवनांवर राष्ट्रीय परिसंवाद भरला आणि डॉ. लीला भोसले यांनी त्याचे निबंध संपादित केले. सह्याद्रीच्या पलीकडे बसून कोकणच्या खाड्यांचा इतका चिकाटीने अभ्यास करणारे हे केंद्र महाराष्ट्रातल्या पुढच्या कामाचा पाया आहे, आणि त्याचे श्रेय ठळकपणे नोंदवायला हवे.

म्हणजे २०१२ मध्ये राज्याच्या वनखात्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला तेव्हा अभ्यासाची शंभर वर्षे पाठीशी होती. नव्हता तो या जमिनीला धनी. महसूल दप्तरी ती कुठे खाजण होती, कुठे सरकारी पड, कुठे मिठागराची, कुठे एखाद्या प्राधिकरणाच्या ताब्यातली विकासाची जागा. भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी जमीन कोणत्याच खात्याला आपली वाटत नव्हती. वनखात्याचे जंगल कोरड्या जमिनीवर सुरू होई आणि मत्स्यव्यवसाय खात्याचे काम पाण्यात. मधला चिखल मोकळाच राहिला आणि मुंबईत तो डंपरने भरला जाऊ लागला.

भराव टाकण्याची रीतही ठरून गेली होती. आधी खाडीला मिळणारा एखादा लहान ओहोळ राडारोडा टाकून बुजवायचा. मग भरतीचे पाणी आत येणे थांबते, काही महिन्यांत तिवरे पिवळी पडतात, वाळतात, आणि मेलेले झाड तोडताना फारशी हरकत कोणी घेत नाही. झाडावर कुऱ्हाड न चालवताही कांदळवन मारता येते, हे भराव टाकणाऱ्यांना शास्त्रज्ञांइतकेच नीट कळत होते. पाणी तोडले की जंगल संपते. या कक्षाची पुढची सगळी धडपड समजून घ्यायची तर ही गोष्ट आधी लक्षात ठेवावी लागते.

२००४ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने कांदळवनांच्या नाशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ती चालू असतानाच २६ जुलै २००५ चा दिवस उजाडला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदीच्या काठचा भाग बुडाला, आणि पाणी जिरवणारा, मुरवणारा, खाडीकडे पसरू देणारा दलदलीचा पट्टा गेला कुठे, हा प्रश्न पहिल्यांदा सामान्य मुंबईकराच्या तोंडी आला. त्या पुराला एकटी कांदळवनाची तोड जबाबदार होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण नदीमुखाचा पसरट काठ बुजवला की पाणी घरात शिरते, हे त्या रात्री शहराने स्वतः अनुभवले.

६ ऑक्टोबर २००५ रोजी उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. राज्यभर कांदळवनांच्या तोडीला मनाई झाली, कांदळवनापासून पन्नास मीटरच्या आतली बांधकामे थांबली, आणि सरकारी जमिनीवरची कांदळवने वन म्हणून अधिसूचित करून वनखात्याकडे सोपवण्याची दिशा ठरली. त्यासाठी आधी ती नेमकी कुठे आहेत हे ठरवणे आले. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने उपग्रह प्रतिमांवरून नकाशे केले. मग त्या नकाशावरचा हिरवा ठिपका आणि तलाठ्याच्या दप्तरातला सर्वे नंबर यांची जुळवणी सुरू झाली. हे काम वर्षानुवर्षे चालले. त्याच्या बातम्या होत नाहीत, त्याचे फोटो निघत नाहीत. पण पुढे कांदळवनांचे जे काही वाचले ते या कंटाळवाण्या कागदांमुळे वाचले, असे निःशंकपणे म्हणता येते.

नकाशे झाले, अधिसूचना निघू लागल्या, तरी जिल्ह्याजिल्ह्यातल्या वनविभागांना ही जमीन परकीच होती. सागवानाच्या जंगलात घडलेल्या वनरक्षकाला गुडघाभर चिखलात गस्त घालायची सवय नव्हती. म्हणून ५ जानेवारी २०१२ च्या शासन निर्णयाने केवळ कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष निर्माण करण्यात आला. देशात अशा प्रकारचा हा पहिलाच प्रयोग होता. भारतीय वनसेवेतले एन. वासुदेवन यांनी सुरुवातीची अनेक वर्षे त्याची धुरा वाहिली. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा किनारा हे कक्षाचे कार्यक्षेत्र.

त्या क्षेत्रात काय होते, हे जरा जवळून पाहू.

तिवराच्या पानाची खालची बाजू राखाडी असते. उन्हाच्या वेळी पानावर बोट फिरवून जिभेला लावले तर मीठ लागते, कारण मुळांवाटे आलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकते. कांदळाची तऱ्हा वेगळी. तो बरेचसे मीठ मुळाशीच अडवतो. चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून तिवराची श्वसनमुळे जमिनीतून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात आणि ओहोटीच्या काही तासांत हवा घेतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. हातभर लांबीची हिरवी शेंग दिसते ती खरे तर रोप असते, ते खाली पडून चिखलात रुतते किंवा पाण्यावर तरंगत दुसरा काठ गाठते. महाराष्ट्रात अशा वीस जातींची नोंद आहे. तिवर आणि कांदळाखेरीज चिप्पी, काजळा, मारांडी ही खाडीकाठच्या माणसांच्या रोजच्या ओळखीची नावे. त्यांच्या मुळांत निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळे करतात, कोळंबीची पिल्ले आणि लहान जिताडे आसरा घेतात. खाडीतल्या डोलीत आणि वाणात जे मासे येतात, त्यांतल्या कित्येकांचे बालपण या मुळांत गेलेले असते. कोळी माणसाला हे सांगावे लागत नाही. सरकारी दप्तराला मात्र सांगावे लागले.

कक्षाची पहिली वर्षे जमीन ताब्यात घेण्यात, अतिक्रमणे काढण्यात, भरावाच्या गाड्या पकडण्यात आणि गुन्हे दाखल करण्यात गेली. हद्द दाखवणारे खांब रोवायचे तर ओहोटीचे वेळापत्रक पाहून जावे लागे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जिथे होडीने जाता येते, तिथे अष्टमीच्या भांगाला पायी चालणेही कठीण. या नोकरीत दिनदर्शिका तिथीची लागते. शहरी किनाऱ्यावर एक त्रास वेगळाच होता: नाल्यांतून वाहत येणारे प्लॅस्टिक श्वसनमुळांवर थर करून बसे आणि झाडे गुदमरत. त्यासाठी स्वयंसेवकांच्या मदतीने कचरा उपसण्याच्या मोहिमा निघाल्या आणि अनेक ठिकाणी महाविद्यालयीन मुले पहिल्यांदा कांदळवनात उतरली.

रोपवनाचे काम त्याच जोडीने सुरू झाले. इथे एक जुना मोह प्रत्येक खात्याला होतो: मोकळा चिखल दिसला की रोपे लावायची आणि आकडा कळवायचा. कांदळवनाच्या बाबतीत हा मोह महाग पडतो. याची समजूत भारताला दिली ती तमिळनाडूतल्या पिचावरमने. तिथे इंग्रजांच्या काळापासून पट्ट्यापट्ट्याने जंगलतोड झाली होती. उघड्या पडलेल्या जमिनीतला ओलावा उन्हाने गेला, ती खचली आणि तिला बशीसारखा खोलगटपणा आला. भरतीचे पाणी आत येई, पण ओहोटीला बाहेर पडेना. ते तिथेच आटून क्षार इतके वाढले की लावलेले रोप जगेना, वाहून आलेले बी रुजेना. लोकांच्या गुराढोरांमुळे आणि लाकूडतोडीमुळे जंगल संपते, असा आधीचा समज होता. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात पाण्याचा अभ्यास करून खरे कारण शोधले, आणि वनखात्याच्या व गावांच्या साथीने तिथे माशाच्या काट्यासारखे चर खणले: मधे मुख्य कालवा, दोन्ही बाजूंना तिरक्या फांद्या. पाणी आत-बाहेर होऊ लागले, क्षार धुतले गेले, चरांच्या काठाने तिवर उभे राहिले. १९८६ ते २००२ या काळात पिचावरमचे कांदळवन सुमारे नव्वद टक्क्यांनी वाढल्याचे उपग्रह प्रतिमांवरून दिसले.

महाराष्ट्रातही रोपवनासाठी चर खणून भरतीचे पाणी आत घेण्याची पद्धत आली. मुंबईच्या परिस्थितीत त्याआधी बरेचदा आणखी एक काम असते, ते म्हणजे बुजवलेला ओहोळ मोकळा करणे. राडारोडा उचलला, रस्त्याखालची मोरी साफ झाली, आणि उधाणाचे पाणी पुन्हा आत फिरले की शेजारच्या झाडांचे बी तेच घेऊन येते. रोपवाटिकेतल्या पिशवीतले रोप लागते ते जिथे आसपास बीच उरलेले नाही तिथे. लावलेल्या रोपांची संख्या सांगणे सोपे असल्याने अहवालात ती आधी येते; मोकळ्या झालेल्या ओहोळांची लांबी त्याच ठळकपणे छापली जावी, इतके महत्त्व तिला आहे.

६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. ऐरोली पूल ते वाशी पूल यांच्या दरम्यान खाडीच्या पश्चिम काठाने पसरलेले सुमारे १,६९० हेक्टरांचे हे क्षेत्र. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि बाकीचे पाणी व चिखलाचे पट्टे. मालवणनंतरचे राज्यातले हे दुसरे सागरी अभयारण्य. त्याच वर्षी कक्षाच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान स्थापन झाले. सरकारी खात्याला संशोधक नेमणे, विद्यापीठांना अभ्यास सोपवणे, बचत गटांपर्यंत पैसे पोहोचवणे अवघड जाते. नोंदणीकृत संस्थेला ते जमते. जर्मन सहकार्याने ऐरोलीत किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उभे राहिले आणि तिथून सुटणाऱ्या होड्यांतून शाळकरी मुलांनी फ्लेमिंगो पाहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातले हे तिसरे रामसर स्थळ.

फ्लेमिंगोंनी कक्षाला लोकप्रियता दिली, तसेच त्याच्यापुढचे सर्वांत अवघड शास्त्रीय कोडेही त्यांनीच घातले.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०१८ मध्ये प्रतिष्ठानच्या साहाय्याने ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा आणि इतर पाणपक्ष्यांचा दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला. २०१९च्या सुरुवातीच्या गणनेत खाडीत सुमारे एक लाख वीस हजार फ्लेमिंगो आढळले. त्यांत छोटे फ्लेमिंगो बहुसंख्य. इतके पक्षी महानगराच्या सांडपाण्याने भरलेल्या खाडीत का येतात, याचे एक उत्तर त्या सांडपाण्यातच आहे. त्यातल्या नत्र-स्फुरदामुळे चिखलावर सूक्ष्म शैवाल माजते आणि छोटा फ्लेमिंगो ते गाळून खातो. तेव्हा खाडी स्वच्छ करायची तर पक्ष्यांच्या अन्नाचे काय, हा प्रश्न खाडीचा प्रत्येक अभ्यासक गंभीरपणे घेतो. दुसरी अडचण आणखी मोठी. गाळ साचत गेल्याने ठाणे खाडीत कांदळवन स्वतःहून पुढे सरकत आहे आणि उघडा चिखल कमी होत आहे. फ्लेमिंगो, तुतारी, पाणटिवळे हे पक्षी उघड्या चिखलावर चरतात. दाट तिवरांत त्यांना काही मिळत नाही. म्हणजे एका ठिकाणचे वाढलेले जंगल दुसऱ्या पाणथळीच्या बदल्यात आलेले असू शकते.

कांदळवन वाढवण्यासाठी जन्मलेल्या संस्थेने हे मान्य करणे सोपे नव्हते. ओहोटीला उघडा पडणारा चिखल रिकामा नसतो, त्यावर रोपे लावणे म्हणजे एक परिसंस्था मोडून दुसरी उभी करणे, हे पक्षी अभ्यासकांनी लावून धरले. या संशोधनाचे सर्वांत मोठे फलित कोणते असे विचारले, तर ते हेच.

२०२२ मध्ये सोसायटीने सहा फ्लेमिंगोंना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. सलीम, हुमायूँ, मॅकॅन अशी नावे सोसायटीच्या जुन्या थोर निसर्ग अभ्यासकांवरून ठेवली गेली, तर एकाचे नाव चक्क नवी मुंबई. पावसाळ्यात हे पक्षी गुजरातकडे गेले, आणि मुंबईत असताना भरतीच्या वेळी खाडी सोडून नवी मुंबईतल्या पाणथळींवर विसावतात हेही या अभ्यासातून स्पष्ट झाले. खाडीत पाणी चढले की पक्ष्याला पाय टेकायला उथळ जागा लागते. नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांचे खाडीशी असलेले नाते बंद झालेल्या मोऱ्यांमुळे तुटले की ती कोरडी पडतात. अभयारण्याच्या रेषेबाहेरची ही तळी अभयारण्याइतकीच गरजेची आहेत.

मुंबईबाहेरचा किनारा मात्र वेगळ्या प्रश्नांचा आहे. राज्यातले सर्वाधिक कांदळवन रायगडात. इथल्या खारेपाटात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी बांध घालून, उघाड्या बसवून समुद्राकडून भातशेती मिळवली. १९४८ चा खारभूमी कायदा आला तो या बांधांच्या देखभालीसाठीच. बांध फुटला आणि वेळेवर दुरुस्त झाला नाही, की शेतात खारे पाणी शिरते, दोन-चार वर्षांत तिवर उगवते, आणि मग ते तोडायला कायद्याची मनाई असते. नकाशावर कांदळवन वाढलेले दिसते. शेतकऱ्याच्या सात-बाऱ्यावर शेत असते आणि प्रत्यक्षात जंगल. अशा ठिकाणी निसर्गाचे पुनरुज्जीवन झाले म्हणून आनंद मानताना ज्याचे शेत गेले त्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही. खारेपाटातल्या या शेतकऱ्याला न्याय मिळण्याचा प्रश्न कक्षाच्या कक्षेपलीकडचाही आहे, पण तो सोडून हा इतिहास पूर्ण होत नाही.

सिंधुदुर्गात काम सुरू झाले ते संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून. ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाला चौकोनी आसाचा भाग लावला की लहान मासे निसटून जातात, हे मच्छीमारांनी स्वतः वापरून पाहिले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी २०१७ मध्ये कांदळवन सफारी सुरू केली; होडी त्याच वल्हवतात, झाडांची आणि पक्ष्यांची माहितीही त्याच सांगतात. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली. गटांना नव्वद टक्के अनुदान. तिवरांच्या मधल्या जागेला जाळीचे कुंपण घालून त्यात चिंबोऱ्यांची पिल्ले सोडतात. भरती-ओहोटी जाळीतून ये-जा करते, झाड तोडावे लागत नाही. पिल्ले सुरुवातीला तमिळनाडूच्या पैदास केंद्रातून आणावी लागत. बांबूच्या तराफ्यावर दोऱ्या सोडून कालवे आणि शिणाणे वाढवण्याचे प्रयोग झाले. सगळे गट टिकले नाहीत. बाजार दूर, पाणी अचानक गोडे होणे, पिल्लांची मर, अशी कारणे होती. जे टिकले तिथे गावातले लोक तोडीची खबर स्वतःहून देऊ लागले, हा फायदा हिशेबाच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहावा हे ठरायचे आहे.

ऑगस्ट २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. असा वृक्ष जाहीर करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. त्याच्या आधी, १७ सप्टेंबर २०१८ रोजी, उच्च न्यायालयाने मूळ याचिकेवर अंतिम निकाल दिला होता. कांदळवनांचा नाश हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, अशी भूमिका त्यात घेतली गेली आणि सार्वजनिक हितासाठी आवश्यक असेल तेव्हाच तोडीचा विचार होईल असे ठरले. देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली.

आकडे पाहिले तर भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३च्या अहवालात महाराष्ट्राचे कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होते, २०१५ मध्ये २२२, २०१७ मध्ये ३०४, २०१९ मध्ये ३२०, २०२१ मध्ये ३२४. २०२३च्या अहवालात हा आकडा ३१५ आहे. या वाढीत संरक्षणाचा वाटा निश्चित आहे. पण गाळावर आपोआप आलेले जंगल, फुटलेल्या बांधांमागे उगवलेले जंगल, आणि अधिक बारकाईने टिपलेल्या उपग्रह प्रतिमा यांचाही त्यात हिस्सा आहे. संस्थेच्या कामाचे मोल करताना हे वेगवेगळे काढून पाहायला हवे; तसे केल्याने तिच्या कामाचे तेज कमी होणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे बावीस हजार कांदळवृक्ष तोडायला न्यायालयाने परवानगी दिली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीच्या चिखलपट्ट्यावरून जाणारा अटल सेतू खुला झाला. अशा प्रकल्पांकडून येणारी भरपाई हा प्रतिष्ठानच्या संशोधनाचा आणि उपजीविका योजनांचा मोठा आधार आहे, ही या संस्थेच्या घडणीतली अवघड बाजू. तोडलेल्याच्या बदल्यात लावायचे तर जागा शोधावी लागते. जिथे पाणी नीट फिरते तिथे बहुधा कांदळवन आधीच उभे असते, उघडा चिखल पक्ष्यांसाठी राखायचा असतो, आणि खारेपाटातली जमीन शेतकऱ्याची असते. उरतात त्या बुजवलेल्या, भरती तुटलेल्या जागा. त्या शहरांच्या कडेला आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकीचे पाणी कुठे अडले आहे याची नोंद घेत जाणे हे कक्षाचे पुढच्या वर्षांतले मुख्य काम असायला हवे.